मधल्या हाताचं घमेलं

"मग सगळ्यांत मोठं कोण, बुवा? थाप ऐकणारं, की निरोप पोचवणारं?"

यामिनी कुलथे इरेला पेटून विचारत होती. कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसं घडतं, याचा ती शहरात अभ्यास करते. मठाच्या स्वयंपाकघराचा स्लॅब ओतायचा होता, त्या सकाळी ती आली. मी खाली काँक्रीटच्या मिक्सरपाशी होतो.

"निरोप कसला?" मठाच्या सिदोबुवांनी विचारलं.

"वाढीचा. पेशी म्हणजे जिवाची बारीकशी खोली. बाहेरून दारावर थाप पडते. आतली प्रथिनं तो निरोप एकाकडून दुसऱ्याकडे देत थेट गाभ्यापर्यंत नेतात. मग पिल्लाला पंख फुटतो."

"तुझं कोणतं त्यातलं?"

"मधलं. सहा वर्षं त्याच्यामागे आहे. ते काढलं की पंख फुटत नाही, हे मी दाखवलं. कामाला पैसे देणारी समिती म्हणते, रांगेतलं कोणतंही काढलं तरी तेच होणार. उद्या शेवटची सुनावणी. ते मोठं ठरलं नाही, तर माझं काम बंद."

"आणि तू?"

"मी हटणार नाही."

"बरं… पदर खोच. रांगेत एक माणूस कमी आहे."

मिक्सरपासून शिडीवरून वर स्लॅबपर्यंत अकरा जण. यामिनीबाई बरोबर मधे, शिडीच्या मधल्या फळीवर. स्लॅब अर्ध्यात थांबला तर सांधा राहतो, आणि तो जन्मभर गळतो. म्हणून हात थांबवायचा नाही.

पहिलं घमेलं तिनं धरूनच ठेवलं.

"ओ डॉक्टरीणबाई, त्यात पिल्लू नाही!" खालून घमेली भरणारी चांगुणा ओरडली.

सगळे हसले. बाईनं दात आवळले. मग हात असा बसला की माल सरसर वर जाऊ लागला.

…आणि एकाएकी रांग थांबली.

मिक्सर फिरतोय, माल तयार, भरायला घमेलंच नाही!

पाहतो तर बाईच्या पायाशी आठ रिकामी घमेली रचलेली. वरून आलेली. भरलेल्याच्या नादात तिनं ती खाली दिलीच नव्हती. नववं हातात होतं.

बुवांनी खालचं शेवटचं भरलेलं घमेलं उचललं, तिच्यासमोर धरलं.

"घे."

"हातात रिकामं आहे, बुवा."

बुवांनी घमेलं मागे घेतलं नाही. धरून उभे राहिले…

बाईनं रिकामं खाली दिलं. मग ती आठही. मग भरलेलं घेतलं.

दुपारी स्लॅब पुरा झाला. सांधा राहिला नाही. बाई बुवांपाशी येऊन बसली.

"निरोप दिल्यावर माझं प्रथिन पुन्हा रिकामं कसं होतं, हे मी कधी पाहिलंच नाही. भरलेलं तेवढंच बघत बसले. आता ते पाहणार. अजून सहा वर्षं लागोत."

"पाहा."

"पण उद्या समितीपुढे काय नेऊ? दाखवायला काही नाही."

"हात बघू."

तिनं पुढे केले. फोड आलेले, रेघांत सिमेंट.

बुवांनी ते उजेडात धरून पाहिले.

"असेच रिकामे ने."