हद्दीवरचा कण

एकत्र राहायचं ठरलं, की आधी आपापली माणसं गोळा करून कोपरा अडवायचा, ही खोड कुणाची ते ज्याचं त्यानं ओळखावं.

फार पूर्वी, जुनं प्लास्टिक वितळवणाऱ्या एका भट्टीत अशीच एक तांबडी बादली आली. जोडीला होता मोडका कंगवा. दोघांची मिळून एक कुंडी व्हायची होती. पहिल्या खेपेला वितळताच बादलीचे थेंब एकीकडे जमले, कंगव्याचे दुसरीकडे, आणि कुंडी मधोमध तडकली. आता तेच तुकडे पुन्हा वितळवायचे होते; याही खेपेला कुंडी तडकली, तर दोघांची रवानगी थेट उकिरड्यावर होणार होती.

तरीही बादली फणकारलीच, "ज्यांचं आयुष्य कोंड्यात गेलं, त्यांच्यात मी मिसळू?"

या वेळी कारागिरानं चिकणमातीची अगदी बारीक पूड टाकली. बादलीचा थेंब लगबगीनं आपल्या माणसांकडे निघाला, तर हद्दीवर मातीचा कण उभा.

"सरक रे!"

"कसा सरकू, मावशी? माझा एक पाय तुमच्यात, दुसरा कंगवेकाकांत."

बादली दुसरीकडून वळली, तिथेही कण. थेंब इवले इवलेच राहिले, कंगव्याच्या शेजाराला. बादलीचं बडबडणं संपेपर्यंत साच्यात सगळं थंड होऊन गेलं.

कारागिरानं कुंडी आपटून पाहिली. तडकली नाही.

"आम्ही काही एक झालो नाही हं!" बादलीनं ठणकावलं.

"मी तरी कुठे म्हणतोय?" कंगवा म्हणाला.

कुंडीत नुकतंच लावलेलं सदाफुलीचं रोप म्हणालं, "भांडा की खुशाल! फक्त भांडताना मला सोडू नका."