टिकलीची पेटी

साधाच दिवस होता. टिकली मुंगी तांदळाची कणी ओढत होती. फोन वाजला. ट्रिंग ट्रिंग.

"टिकले, मला बाळ झालं," लांबच्या गावाहून बहीण म्हणाली. "इथं फार थंडी आहे. बाळ निजेना. दुपटं घेऊन ये."

टिकलीची आई आता नव्हती. आईचं लुगडं होतं. मऊ मऊ. टिकलीनं त्याचं इवलं दुपटं शिवलं. पेटीत ठेवलं.

पेटी गेली विमानाच्या पोटात. टिकली बसली खिडकीत. भुर्रर्र.

विमान उतरलं. सगळ्यांच्या बॅगा आल्या. टिकलीची पेटी आली नाही. सामानाचा पट्टा थांबला. खट्.

"पट्टेदादा, पट्टेदादा, फिर ना.
पेटी मिळेना,
बाळ निजेना."

पट्टा म्हणाला, "रिकामा कशाला फिरू? गाडी सामान आणेल, तर फिरेन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बाहेर सामानाची गाडी उभी होती.

"गाडीताई, गाडीताई, चल ना.
पट्टा फिरेना,
पेटी मिळेना,
बाळ निजेना."

गाडी म्हणाली, "पेटी विमानातच राहिली. हणमंतकाका उतरवतील, तर आणेन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. हमाल हणमंतकाका बाकावर बसले होते.

"हणमंतकाका, हणमंतकाका, उठा ना.
गाडी येईना,
पट्टा फिरेना,
पेटी मिळेना,
बाळ निजेना."

काका म्हणाले, "सकाळपासून बॅगा उचलतोय. पाठ बोलायला लागली माझी. चहा मिळेल, तर उठेन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. शेवंतामावशी चहाच्या टपरीत होती.

"शेवंतामावशी, शेवंतामावशी, चहा कर ना.
काका उठेनात,
गाडी येईना,
पट्टा फिरेना,
पेटी मिळेना,
बाळ निजेना."

मावशी म्हणाली, "साखर मिळेल, तर करेन. मुंग्या लागतात म्हणून डबा लपवला. आता मलाच सापडेना."

टिकली हळूच म्हणाली, "मी बघू?"

"बघ बाई. तुझ्यापासूनच तर लपवला होता."

टिकलीनं वास घेतला. सूं सूं. फळीवर नाही. सूं सूं. टोपलीत नाही. सूं सूं सूं.

"हा काय, पोह्यांच्या पिंपात."

"अगं बाई," मावशी हसली. "घे, एक दाणा तुझा."

साखर पडली, चहा झाला. खळखळ खळखळ.
चहा झाला, काका उठले. फुर्र फुर्र.
काका उठले, गाडी आली. खडखड खडखड.
गाडी आली, पट्टा फिरला. घर्रर्र घर्रर्र.
पट्टा फिरला, पेटी मिळाली.

पेटी डोक्यावर घेऊन टिकली पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. थेट बहिणीच्या घरी.

बाळाला दुपट्यात गुंडाळलं. बाळानं जांभई दिली. एक एक करून सहाही पाय आत घेतले.

बाळ निजलं.

त्याचं नाव ठेवायचं अजून राहिलंय.