वाडग्याची जागा

"पण गुरुजी, मन आरशासारखं लख्ख झालं, हे माणसाला कळतं कसं?"

पेइवेनने विचारलं खरं, पण उत्तर खिशात असल्याच्या थाटात. तो राजाचा गीत-संग्राहक होता. गावोगाव हिंडायचं, लोक काय गातात ते टिपायचं, दरबारात पोचवायचं. रयतेचं दुःख राजाला कळावं म्हणून ही चाकरी नेमलेली. राजाला काय ऐकायला आवडतं, ते पेइवेनला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

म्हातारे त्साओ गुरुजी दुपारचं जेवण मांडत होते. चटईवर दोन वाडगे. एक त्यांचा, एक लेकाचा. लेकाला, युआनला, तीन वर्षांपूर्वी राजकालवा खणायला वेठीला धरून नेलं होतं; तेव्हापासून खबर नाही. भिंतीशी पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या, त्यांच्यापुढे आणखी एक वाडगा. जिवंत माणसाचं अन्न चटईवर, गेलेल्याचं पाटीपुढे. ही रीत गुरुजींनीच पेइवेनला शिकवलेली. त्याला आणि युआनला, शेजारी शेजारी बसवून.

"तुझं नवं गीत गाजतंय म्हणे. म्हण बघू."

पेइवेनने घसा साफ केला.

"कालव्याच्या पाण्यावर चांदणं निजलं. वारा थांबला. मनही थांबलं."

"सुरेख. कुणाचं?"

"कालव्यावर मजुरांना पेज वाढणारी एक म्हातारी होती, तिचं. मी फक्त घासूनपुसून घेतलं. रडत गात होती हो! रडण्यानं मन गढूळ होतं, तुम्हीच सांगायचात."

"मी?... काय गात होती?"

"नावं. दरडीखाली गाडल्या गेलेल्या मजुरांची. चाळीसेक असतील. नुसती नावं, एकामागून एक. वृत्तात बसेनात. गाळली."

गुरुजींचा हात थांबला.

"त्यात युआन होता?"

पेइवेन आठवू लागला. म्हातारीचं बोळकं आठवलं, हातातली पळी आठवली. नाव एकही आठवेना.

"सरकारी नोंद असेल," गुरुजी म्हणाले.

"नोंदीत त्या दिवशी कुणी मेलंच नाही."

"मग तिलाच विचारू."

"ती या हिवाळ्यात गेली, गुरुजी."

...

गुरुजींनी लेकाचा वाडगा उचलला. पाट्यांकडे दोन पावलं गेले. थांबले. चटईकडे वळले. पुन्हा थांबले.

भाताची वाफ विरून गेली.

"गीत लख्ख झालंय, बाळ," ते म्हणाले. "हा वाडगा कुठे ठेवू, तेवढं सांग."