केरबा गुळव्याच्या मागच्या मुंग्या

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मी विचारलं होतं तेव्हा मला चिमटा मिळाला होता. लाडू घ्या, आणि ऐका.

कांडेवाडी नावाचं उसाचं गाव होतं. तिथं गुऱ्हाळं लागली की गावची कुत्रीसुद्धा भाकरी हुंगून पुढं जायची, असं म्हणतात. त्या गावचा गुळव्या केरबा. काहिलीत रस शिजवायचा आणि गूळ कधी उतरवायचा ते सांगायचं, हे त्याचं काम. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायची, ती जमली की ‘उतरा’ म्हणायचं. केरबा गोळी वळायचा आणि खायचा. खात्रीसाठी आणखी एक खायचा. उरलेला दिवस बाजेवर लोळायचा.

त्यात गावची रीत अशी, की दारावरून जाणाऱ्याला गूळपाणी द्यायचंच. ज्यानं नको म्हटलं त्यानं नातं तोडलं. केरबानं जन्मात एकही नातं तोडलं नाही.

पुढं त्याला तहान लागायला लागली. घागर संपायची, तहान संपायची नाही. डोळ्यांपुढं अंधारी यायची. पायाला उसाचं पाचट कापलं, ती जखम काही भरेना. आणि मुंग्या लागल्या. केरबा सकाळी बांधाआड जाऊन आला की तिथं मुंग्यांची जत्रा भरायची. मग त्या त्याच्या मागनं घरापर्यंत यायला लागल्या. पाहुण्यानं केरबाचं घर विचारलं, तर लोक सांगायचे, मुंग्यांच्या मागनं जावा.

केरबाची थोरली बहीण सगुणाआक्का. गावाचं औषधपाणी आणि बाळंतपणं तीच करायची. आई गेल्यावर केरबाला तिनंच वाढवलेला. तिनं ती मुंग्यांची रांग पाहिली आणि केरबाला पुढ्यात बसवलं.

“केऱ्या, साखर साठलीया तुझ्या अंगात. आपल्या बाचं असंच झालं हुतं. आदी पाय गेला, मग बा गेला.”

“मग औषध दे की, आक्का.”

“औषध न्हाई माझ्याकडं. तोंड मिट आनि चाल.”

“गुळव्यानं गूळ सोडायचा? जिभंला लावल्याबिगर गूळ कळतोय व्हय?”

“बोटांस्नी कळतंय. गोळी काहिलीच्या काठावर मार. टण वाजली की उतीर.”

आक्कानं आधी त्याची जखम धुतली, बांधली आणि सुकेपर्यंत त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. ताटात ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर आमटी, बिनगोडाचं ताक. केरबा ताटाकडं सासुरवाशिणीसारखा बघायचा. जखम भरली तशी आक्कानं त्याची बाज उचलली आणि म्हसोबाच्या टेकडीवर नेऊन ठेवली. आता जेवणानंतर लोळायचं तर टेकडी चढायची.

केरबा चढायचा. पण टेकडीची वाट गावातून जायची, आणि दारादारातनं हाक यायची, “केरबातात्या, गूळपाणी घेऊन जावा.” बाज वर गेली आणि मुंग्या वाढल्या.

तेव्हा आक्का चावडीवर गेली. ती म्हणाली, “माझ्या पाठचा हा एकच हाय. त्याला लाडानं मारू नका. हितनं पुढं जो केरबाला गूळ देईल, त्यानं त्याच्यासंगं टेकडी चढायची. न चढणाऱ्याच्या घरचं बाळंतपण मी करणार न्हाई.” बोलता बोलता ती रडली. आक्काला रडताना गावानं पहिल्यांदा पाहिलं.

त्या वर्षी पाटलाच्या घरी सून भरल्या दिवसांची होती. तरी पाटलानं सवयीनं गूळ पुढं केला, आणि मग चढला बिचारा. अर्ध्यावर म्हसोबाला नवस बोलला, की एकदा खाली पोचव, पुन्हा गुळाचं नाव काढणार नाही. हळूहळू दारादारातनं नुसतं पाणी यायला लागलं, कुठं ताक. केरबाची गोळीही आता टण वाजायची आणि तोंडात न जाता मुंग्यांच्या वारुळावर जायची.

मुंग्याही त्याच्यामागं टेकडी चढायच्या, असं म्हणतात. पण रांग विरळ होत गेली. शेवटी एक म्हातारी मुंगी तेवढी वर आली, केरबाच्या पायाभोवती फिरली आणि परत गेली.

“आक्का,” केरबा पडेल चेहऱ्यानं म्हणाला, “मुंग्यांनी मला वाळीत टाकलं.”

आक्का इतकी हसली, की तिलाच त्या बाजेवर बसावं लागलं.

पुढं ती गेली तेव्हा केरबाही म्हातारा झाला होता. तिची माती टेकडीवरच करायची ठरली. तरण्या पोरांनी वाटेत खांदे बदलले. केरबानं बदलला नाही. वर पोचल्यावर त्यानं आपल्या दोन्ही पायांकडं बघितलं आणि तो लहान पोरासारखा रडला.

कांडेवाडीत अजून हंगामातली पहिली गोळी टेकडीवर आक्काच्या नावानं मांडलेल्या दगडावर मुंग्यांसाठी ठेवतात. पाहुण्याला गुळाचा खडा देतात, पण नखाएवढा. आणि देणारा स्वतः पायांत चपला घालून दारात उभा राहतो.

लाडू मी दिलेत, तेव्हा माझ्या चपला आधी बघा कुठं आहेत. उठा, चढायचं आहे.