कच्च्या वर्गानं उलटलेलं पान

एका नगरीत मनाच्या दुखण्यांवरचे उपचार शिकवणारी एक पाठशाळा होती. गोष्ट फार पूर्वीची आहे असं म्हातारे सांगतील. तितकी काही जुनी नाही ती.

मानसशास्त्राचे सगळे ग्रंथ इंग्रजीत, आणि इंग्रजी कुणालाच धड येत नव्हती. म्हणून पाठशाळेनं सोपी रीत काढली होती. थोरल्या आचार्यांच्या गुरूंनी तरुणपणी ग्रंथांवरून टिपणं काढली होती. ती आचार्यांनी पाठ केली, त्यांच्या शिष्यांनी उतरवून घेतली, शिष्यांच्या शिष्यांनी पुन्हा उतरवली. मूळ ग्रंथ रेशमी कापडात बांधून कपाटात. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहायचं, की झाला अभ्यास.

ज्यांना टिपणंही झेपत नसत, त्यांच्यासाठी गोठ्यामागे कच्चा वर्ग भरे. तिथं एका कोष्ट्याची मुलगी होती. इंग्रजी वाक्य वाचताना तिला घाम फुटायचा. पक्क्या वर्गातली पोरं येता-जाता विचारत, "काय गं, आज किती ओळी? दीड?"

"पावणेदोन," ती म्हणायची. "पण कळल्या."

कच्च्या वर्गाच्या बाई कडक होत्या. टिपणांना त्या हात लावू देत नसत. "बोट ओळीखाली ठेव. परिच्छेद संपला की पुस्तक मीट आणि आपल्या भाषेत सांग, लिहिणारा काय म्हणतोय? स्वतःचं म्हणतोय, की दुसऱ्याचं मत सांगतोय?" त्यासाठी मूळ ग्रंथ लागत. आचार्यांनी हसत हसत कपाटाची किल्ली दिली होती. "न्या की. त्यांना काय कळणार आहे!"

त्याच सुमारास एका नावाड्याची नाव उलटली आणि त्याचा धाकटा भाऊ बुडाला. नावाड्यानं बोलणं सोडलं, जेवण सोडलं. बायको त्याला पाठशाळेत घेऊन आली. आचार्यांनी डोळे मिटून टिपण म्हणून दाखवलं, "शोक झालेल्याला एकांतात ठेवा. गेलेल्याचं नाव त्याच्यापुढे काढू नका." झालं, नावाड्याला पाठशाळेतल्याच एका खोलीत कोंडलं. दोन महिन्यांत तो वाळून काटकी झाला. तेव्हा आचार्यांनी ठरवलं, पदवीचा समारंभ आटोपला की याला डोंगरावर, वेडे कोंडून ठेवायच्या कोठीत कायमचा पाठवून द्यायचा. चुकलं असेल तर नावाड्याचं. टिपण कसं चुकेल?

पदवीच्या दिवशी प्रत्येकानं भरसभेत एक धडा म्हणून दाखवायचा असे. कोष्ट्याच्या मुलीला शोकाचाच धडा आला. तिनं मूळ ग्रंथ काढला आणि ओळीखाली बोट ठेवून नऊ दिवस वाचला. पहिलं पान अगदी टिपणासारखं होतं. पान संपलं तिथंच टिपणही संपत होतं. तिनं पान उलटलं.

पुढे लिहिलं होतं, "इथवर मी जुन्या वैद्यांचं मत सांगितलं. मीही तसंच वागलो आणि माणसं गमावली. शोक झालेल्याजवळ बसा. गेलेल्याचं नाव घ्या. त्याला बोलू द्या."

तिनं तीनदा वाचलं, मग बाईंना दाखवलं. बाईंचा चेहरा पडला. "हा धडा मी टिपणावरूनच शिकले होते गं," त्या म्हणाल्या.

मुलगी आचार्यांकडे गेली. आचार्य म्हणाले, "पोरी, तुला वाक्यात क्रियापद कुठं असतं ते सापडत नाही, आणि तू मला ग्रंथ शिकवणार?"

"नाही सापडत, आचार्य. पण मला पान उलटता येतं."

"उद्या टिपणातलं म्हण, पदवी घे आणि घरी जा. नाहीतर पटावरून नाव काढीन."

कोष्ट्याच्या सात पिढ्यांत कुणी पदवी घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचा बाप नवं धोतर नेसून सभेत मागच्या रांगेत बसला होता. नावाड्याची बायको दाराशी उभी होती.

मुलगी उठली. पहिलं पान वाचलं आणि पुढचंही वाचलं. उच्चार वेडेवाकडे. सभा खदखदून हसली. "अहो, हे इंग्रजी आहे की कानडी?" एक म्हातारा ओरडला. ती थांबली नाही. इंग्रजी संपल्यावर तिनं तेच सगळं आपल्या भाषेत, मोठ्यानं सांगितलं.

आता कुणी हसलं नाही. नावाड्याची बायको तडक खोलीकडे गेली, कडी काढली आणि नवऱ्याजवळ बसून तिनं दिराचं नाव घेतलं. आतून असा हंबरडा आला की सभेतले पंखे हलवणारेसुद्धा थांबले. मग नावाडी बोलू लागला. भावाबद्दल, नावेबद्दल, सुटलेल्या हाताबद्दल. संध्याकाळी त्यानं भाकरी मागितली.

पण त्याआधीच, सभा भरलेली असतानाच, आचार्यांनी पट मागवून मुलीचं नाव खोडलं होतं. एक वयस्क पंडित तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "खरं सांगू का बाळ, मला तीस वर्षं शंका होतीच."

"मग तीस वर्षं काय करत होतात?"

पंडित उपरणं सावरत बसला.

सगळ्यांनी कोष्ट्याकडे पाहिलं. आता हा हात जोडेल, लेकीच्या वतीनं माफी मागेल, असंच त्यांना वाटलं. कोष्टी उठला, रांगांमधून ताठ चालत पुढे आला आणि लेकीला म्हणाला, "चल. वाटेत ते पान मला पुन्हा सांग. सगळं सांग. आधी तुझ्या त्या इंग्रजीत."

तात्पर्य विचाराल, तर ते असं: अडखळत का होईना, जो शेवटपर्यंत वाचतो त्याला कच्चा म्हणू नका; आणि अर्ध्यावर थांबून जो जगाला शिकवतो, त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघून गप्प बसू नका.