तीनशे बारावं पत्र

"त्यांना आत्ताच कशाला सांगायचं, महाराज? पुस्तक बाहेर आलं की कळेलच."

दिनकर डुबल असं म्हणाला आणि मठाच्या ओट्यावर ऐसपैस टेकून बसला. उमागीर महाराज तांदूळ निवडत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

याच ओट्यावर बसून महाराजांनी त्याला मोडी वाचायला शिकवली होती. पोरगा हुशार, यात वाद नाही. पण हुशारी अंगात भिनली की माणूस गुरूकडे विचारायला येत नाही, शाबासकी घ्यायला येतो. दिनकर त्या दिवशी तसाच आला होता.

हिंगणीकर सरदारांच्या पत्रांचं पुस्तक करायला तो तीन वर्षं खपला होता. त्या लढवय्या घराण्यात आता एकट्या अक्कासाहेब उरलेल्या. वय ब्याऐंशी. मोडीचं एक अक्षर येत नाही. पण पत्रांची सगळी गाठोडी त्यांनी दिनकरच्या हवाली केली, ती एका अटीवर.

"प्रत्येक पत्र आधी मला वाचून दाखवायचं. माझीच माणसं, आणि मी त्यांचा शब्द ऐकलेला नाही रे."

दिनकरनं तीनशे अकरा पत्रं त्यांना वाचून दाखवली. तीनशे बारावं दाबून ठेवलं.

"वाच," महाराज म्हणाले.

दिनकरनं पिशवीतून पत्र काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं.

"'मातुश्रींचे सेवेसी. अपत्य सुभानजीचे दंडवत. मकाजी नदीत राहिला. दादा, दादा म्हणोन हाका मारीत होता. म्यां ऐकिल्या. घोडा फिरविला नाही. सर्वांस लिहिले की मकाजी लढता लढता पडला. तुम्हांस लटके लिहवेना. पत्र वाचून फाडावे.'"

वाचून झालं तसा त्यानं मांडीवर हात मारला.

"बघा! याच सुभानजीच्या तलवारीला अक्कासाहेब दर दसऱ्याला गंध लावतात. आणि हा गडी धाकट्या भावाला टाकून पळाला! स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"मग अक्कासाहेबांपुढं का नाही वाचलंस?"

"खचतील हो त्या."

"आणि?"

"आणि... छापू नको म्हणाल्या तर?"

महाराजांनी सूप बाजूला ठेवलं.

"आईला फाड म्हणून लिहिलं होतं. तिनं का नाही फाडलं?"

"पुरावा म्हणून ठेवलं असेल. थोरल्याला धाकात ठेवायला."

"उलटं कर."

दिनकरनं पत्र उलटं केलं. मागच्या बाजूला कापडाचा एक तुकडा चिकटवलेला होता.

"हे काय?"

"चिंधी आहे. कुणीतरी खळ लावून डकवलीय. फोटो नीट येत नाही तिच्यामुळं. उद्या ओली करून काढून टाकणार आहे."

"कशाची चिंधी?"

दिनकरनं पत्र उजेडात धरलं. विटका हिरवा रंग, कडेला बारीक किनार.

"लुगड्याची असावी..."

"का लावली?"

"घडीवर कागद विरलाय. उघडून उघडून विरतो तसा."

"किती वेळा उघडलं म्हणजे इतका विरतो?"

दिनकरनं बोट फिरवून पाहिलं. एवढी जुनी पत्रं हाताळलेला माणूस, त्याला अंदाज होता.

"रोज उघडलं... तरी काही वर्षं लागतील."

"पुराव्याला कुणी आपल्या लुगड्याचं ठिगळ लावतं का रे?"

दिनकरनं चिंधीवरचं बोट काढून घेतलं.

"परत वाच," महाराज म्हणाले.

त्यानं वाचायला घेतलं. पत्राखाली धरलेल्या बोटांना चिंधी लागत होती.

"'मातुश्रींचे सेवेसी. अपत्य सुभानजीचे दंडवत. मकाजी नदीत राहिला. दादा, दादा म्हणोन...'"

पुढं वाचवेना. त्यानं पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. पुन्हा तिथंच अडला.

एक पोर नदीत गेलं, दुसऱ्यानं त्याला जाऊ दिलं, आणि दोन्ही तिचीच. कुणाच्या नावानं रडली असेल ती? दिनकरला रडू कोसळलं. मघाशी मांडीवर हात मारला त्याची लाजही वाटली. तीन वर्षं त्यानं या माणसांच्या तारखा जुळवल्या होत्या. माणसं आज भेटली.



मग डोळे पुसून म्हणाला, "महाराज, चुकलो. हे पुस्तकात नको. मला हे कुणापुढंच वाचवणार नाही. अक्कासाहेबांपुढं तर नाहीच नाही. तुमच्याकडंच राहू दे."

महाराजांनी पत्र घेतलं. जुन्या घडीवरच अलगद मिटलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

"ऊठ," ते म्हणाले. "आता अक्कासाहेबांना वाचून दाखव."