तक्त्याप्रमाणे कुस्ती

"उद्या सकाळी तालमीत एक तक्ता घेऊन या," सर्जेराव महाराजांनी त्र्यंबकवैद्यांना फर्मावलं. "त्यात झाडून सगळे रोग पाहिजेत, प्रत्येकापुढे औषध पाहिजे, आणि तो वाचून कुणालाही उपचार करता आले पाहिजेत. वैद्याचं डोकं मध्ये लागता कामा नये. नाही जमलं, तर राज्याची वेस ओलांडायची!"

घ्या! आणि वैद्यबुवांचा गुन्हा तरी काय? एक रोगी बरा होत होता.

भिवरगडाच्या आरोग्यशाळेवर महाराजांनी विसाजीपंत नावाचे कारभारी नेमले होते. पंतांनी जन्मात कुणाची नाडी धरली नव्हती, पण शिस्त त्यांना फार कळे. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. ताप आला, गुळवेलीचा काढा एक वाटी. पोट दुखलं, ओव्याची पूड एक चमचा. तक्त्याबाहेर जायचं असेल तर मंजुरी, मंजुरीसाठी अर्ज, आणि अर्ज पंत वाचणार ते जेवण आणि वामकुक्षी झाल्यावर. तोवर रोगी एक तर आपला आपण बरा होई, नाही तर... जाऊ द्या, सकाळच्या वेळी तसलं बोलू नये.

कोंडाबाई त्याच आरोग्यशाळेत खलबत्ता घेऊन पाळंमुळं कुटायची. तिची लेक मथुरा, नऊ दिवसांची ओली बाळंतीण, तापानं फणफणून तिथंच खाटेवर पडली होती. तक्त्यातला काढा ऐन जवान गड्याच्या अंगाचा. वैद्यबुवा म्हणाले, "हिला हा झेपणार नाही," आणि मंजुरीची वाट न बघता त्यांनी वेगळंच औषध दिलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. पंत धावत महाराजांकडे गेले. "महाराज, रोगी बरा होतोय, पण बेकायदा!"

त्यावरून हे फर्मान निघालं होतं.

संध्याकाळी कोंडाबाई डोकावली, तर वैद्यबुवा कागदांच्या ढिगात बसलेले.

"कुठवर आलाय तक्ता, बुवा?"

"तापच लिहितोय अजून. कुणाचा ताप, कुठल्या दिवसांत आलेला, काय खाऊन आलेला... चार कागद भरले, बाई. एकटा तापच हटत नाही."

"म्हणजे उद्या तुम्ही वेशीबाहेर, आणि माझ्या मथुरेच्या नरड्यात पंतांचा काढा."

वैद्यबुवांनी पाचवा कागद पुढं ओढला. पण कोंडाबाई रडत बसणारी बाई नव्हती. तिनं कागद गोळा करून बाजूला सारले. "झोपा आता. सकाळी मी येते तुमच्याबरोबर."

महाराजांना कुस्तीचं भारी वेड. बारा वर्षांत त्यांची पाठ मातीला लागली नव्हती. राजाला पाडायची हौस कुणाला होती, ते सोडा, पण गडी खरोखरच तयारीचा होता.

"कुठंय तक्ता?" सकाळी तालमीत लांग कसत महाराजांनी विचारलं.

कोंडाबाई पुढं झाली. "देऊ महाराज. पण आधी एक लहानसा करून बघू. पंतांनी डावांचा तक्ता लिहावा आणि महाराजांनी त्याबरहुकूम एक कुस्ती खेळावी. महाराज जिंकले, तर वैद्यबुवा आपल्या पायांनी वेशीबाहेर जातील. हरले, तर माझ्या लेकीचं औषध वैद्यबुवाच ठरवतील."

"मी हरेन?" महाराजांनी शड्डू ठोकला. "पंत, लिहा! आणि वस्ताद, तुम्ही उतरा. हात राखून लढलात तर तालीम बंद करीन!"

पंतांना तर गुदगुल्याच झाल्या. त्यांनी झोकात लिहून मोठ्यानं वाचलं: पहिला डाव धोबीपछाड, दुसरा कलाजंग, तिसरा घिस्सा. इतर डावांस कारभाऱ्यांची मंजुरी आवश्यक.

साठी उलटलेले सटवाजी वस्ताद मातीत उतरले. महाराज धोबीपछाडीला वळतात न वळतात, तोच वस्तादांनी खाली वाकून त्यांचा पाय उचलला. महाराजांचा हात सवयीनं ढाक मारायला गेला.

"महाराज, ढाक तक्त्यात नाही," कोंडाबाईनं आठवण करून दिली. महाराज अडखळले आणि वस्तादांनी त्यांना पालथं पाडून पाठीवर बैठक मारली.

"पंत! ढाक मंजूर करा!"

"तोंडी अर्ज चालत नाही, महाराज. कारण नोंदवावं लागेल."

"कारण माझ्या पाठीवर बसलंय, पंत!"

पंतांनी दौत मागवली, टाक बुडवला, कागद सरळ केला. तेवढ्यात वस्तादांनी पालथ्या महाराजांना उलटं केलं आणि महाराज चारी मुंड्या चीत झाले.

टाळी वाजवायची कुणाची छाती होईना.

महाराज माती झाडत उठले. "ही काय कुस्ती झाली? समोरचा काय करतो ते बघून डाव टाकायचा असतो! मातीत मी, आणि डाव पंत ठरवणार? त्यांनी जन्मात लांग तरी कसलीय का?"

"नाही, महाराज," कोंडाबाई म्हणाली. "आणि नाडीही धरलेली नाही. वस्तादांनी निदान तक्ता ऐकला तरी होता, तरीही ते त्याप्रमाणे पडले नाहीत. मथुरेच्या तापाला तर पंतांचं नावही ठाऊक नाही."

महाराजांनी डोळे वटारले. पंतांकडे बघितलं, वस्तादांकडे बघितलं, आणि मग असे खदाखदा हसले की अंगावरची माती झडली.

"लिहा, पंत! खाटा, चादरी, पाणी, सरपण तुमच्याकडे. त्यात वैद्यबुवांनी नाक खुपसायचं नाही. पण रोग्याला काय द्यायचं, ते वैद्यबुवा ठरवतील, आणि त्यांना मंजुरी लागणार नाही."

मग हातातलं चांदीचं कडं काढून त्यांनी कोंडाबाईला दिलं. "आणखी काय हवं, बाई?"

"औषधं कुटायला दोन माणसं द्या, महाराज. लेकीजवळ बसायला मला सवड होत नाही."

"दिली!"

"महाराज," पंत घाईनं पुढं झाले, "माणसं वाढवायची तर रीतसर अर्ज..."

"बाई," महाराज पंतांकडे बघत, हसू दाबत म्हणाले, "एक माणूस तर मिळाला. दुसरा तेवढा शोधू."